अजीज मिस्त्रींचा ठिपके भरणारा डबा

“हे बघ भगवंता, रविवारी घाटघरात मी हा डबा चालू केला ना, की लोक म्हणतील, आजवर आपण कानात बोळे घालूनच फिरत व्हतो! लिहून घे!”

अजीज मिस्त्री असं बोलायला लागले की त्यांचा दोस्त भगवंत चष्मा काढून पुसायला घेतो. ऐकायला चष्म्याचा काही उपयोग नाही, पण हसू लपवायला होतो.

जुन्नरच्या पेठेत मिस्त्रींचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, मोटारीचे स्टार्टर, जे बंद पडलं असेल ते मिस्त्री चालू करून देतात. हा झाला धंदा. जीव मात्र अडकलाय सीडीत! जगानं सीड्या टाकून दिल्या तेव्हा मिस्त्रींनी त्या गोळा केल्या. लोक घर आवरताना पिशवी भरून आणून द्यायचे आणि मिस्त्री ती अशी छातीशी धरायचे, जणू कुणी अनाथ पोर पदरात टाकलंय. सीडी प्लेअर त्यांनी स्वतः तीन मोडक्या प्लेअरांतून जुळवलेला. स्पीकरची खोकी फणसाच्या लाकडाची, एकेक गोदरेजच्या कपाटाच्या धाकट्या भावाएवढं. त्यांच्यावर नूरजहाँभाभी लोणच्याच्या बरण्या ठेवत आणि गाणं रंगात आलं की बरण्याही डोलत.

तर अशा घरात तो डबा आला. विटेएवढा, काळा, पुढे एक बटण आणि एक निळा दिवा.

“अजी, हे काय आणलंत?” भाभींनी विचारलं.

“आवाज सुधारायचा डबा.”

“तुमचा?”

मिस्त्रींनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि डबा उचलून दुकानात आणला. तिथे भगवंत बसलेला होता. हा भगवंत खोडदचा. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेनांवर तीस वर्षं टेक्निशियन म्हणून काम करून निवृत्त झालेला. अब्जावधी कोस लांबच्या ताऱ्यांची खुसफूस पकडण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे मिस्त्रींच्या तोंडचं विज्ञान त्याला गपगुमान गिळता येत नसे.

“सीडीवर एका सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर ठिपके असतात,” मिस्त्री सांगू लागले. “आवाजाचे ठिपके. हा डबा त्याचे करतो एक लाख ब्याण्णव हजार!”

“मग वरचे दीड लाख येतात कुठून?”

“डबा भरतो.”

“पदरचे?”

“हिशोब करून भरतो! दोन ठिपक्यांच्या मधी काय असंल त्याचा अंदाज घेतो न् भरतो.”

“अरे लेका,” भगवंत म्हणाला, “दूध एक लिटर. तू ते चार लिटरच्या पातेल्यात ओतलंस. पातेलं मोठं झालं म्हणून दूध वाढलं का?”

“दूध वाढलं न्हाई,” मिस्त्री म्हणाले, “पण उतू तर जात न्हाई!”

यावर भगवंतानं पुन्हा चष्मा पुसायला घेतला. एवढ्यात दुकानाच्या पायरीशी गोरखची मोटारसायकल थांबली.

गोरख घाटघरचा. भातशेती करतो आणि नाणेघाटात फिरायला येणाऱ्या पावण्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालतो. त्यानं खिशातून एक पाकीट काढलं, पाकिटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून फडकं आणि फडक्यातून एक सीडी.

“मिस्त्री, रविवारी आमच्या म्हातारीची पंच्याहत्तरी. वीस वर्सांमागं पुण्याची मंडळी गावात आलती, शिकलेली. आवणीची गाणी टेपून नेली त्यांनी. मागनं ज्या ज्या बाईनं गाणं म्हणलं तिला एकेक सीडी धाडली. पर वाजवायची कशावर? ट्रंकंतच पडून ऱ्हायली. आईनं आजपातुर सोताचं गाणं ऐकल्यालं न्हाई!”

सीडीवर शाईच्या पेननं लिहिलं होतं: ‘घाटघर – सरूबाई’.

सरूबाई म्हणजे त्या बाजूची नावाजलेली गाणारीण. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असताना चिखलात उभी राहून तिनं वरचा सूर लावला की पलीकडच्या खाचरातली बैलं थांबत, असं म्हणतात. चार वर्षांपूर्वी दम्यानं धरलं आणि तिचा आवाज बसला. आता ती बोलते तेही हळू, आणि गाणं तर सोडूनच दिलेलं.

मिस्त्रींनी सीडी घातली. एका बाईचा सूर उठला, मागे चार बायांची साथ.

“आईचाच हाय का वो?” गोरखनं कान टवकारले. “जरा येगळाच वाटतोय.”

“वाटणारच! हा साधा आवाज. आता बघ.” मिस्त्रींनी बटण दाबलं. निळा दिवा लागला.

गोरखचा चेहरा उजळला. “हां! आत्ता! आत्ता झाली ना आमची आई!” आणि त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे टिपले.

चहा घेऊन आलेल्या नूरजहाँभाभी म्हणाल्या, “मला तर दोन्ही सारखंच ऐकू आलं.”

“तुला मसाला भाजल्याचा न् जळाल्याचा वास पण सारखाच येतो!” मिस्त्री म्हणाले. त्या दिवशी त्यांना चहा बिनसाखरेचा मिळाला, पण तो मुद्दा वेगळा.

रविवारी सकाळी टेम्पोत स्पीकर, ॲम्प्लिफायर, प्लेअर आणि डबा घालून मंडळी निघाली. स्पीकर मागे गादीवर झोपवलेले, डबा मात्र मिस्त्रींच्या मांडीवर. भाभी आणि भगवंत बरोबर होतेच. वाटेतल्या आपटाळे गावाच्या पुढे रस्त्यानं खड्डा दाखवला की मिस्त्री डबा असा उचलून धरत, की पाहणाऱ्याला वाटावं, आत अंडी आहेत.

घाटघरात गोरखच्या दारात मांडव. पाऊणशे माणूस जमलेलं. मधोमध खुर्चीत सरूबाई नवं लुगडं नेसून बसलेली. ओळीनं बाया येत होत्या, पाया पडत होत्या, ओटी भरत होत्या.

मिस्त्रींनी सीडी सुरू केली. साध्या आवाजात. लोक ऐकत होते, नव्हते. मग त्यांनी हात वर केला आणि भाषणच ठोकलं. एक सेकंद, चव्वेचाळीस हजार ठिपके, एक लाख ब्याण्णव हजार, सगळं सांगितलं. “आत्तापातुर जे ऐकलं ती सरूमावशींची सावली व्हती. आता खुद्द मावशी ऐका!”

बटण. निळा दिवा. मांडवातून ‘अहाहा’ निघालं.

“बांगड्या वाजत्यात बगा!”

“चिखल पचपचतोय, पायाखाली!”

“बगळा वरडला, बगळा! मी ऐकला!” दादाभाऊ नावाचे एक पाटलासारखे दिसणारे गृहस्थ ओरडले. त्यांना एका कानानं मुळीच ऐकू येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण त्या दिवशी त्यांच्यावरही कुणी शंका घेतली नाही.

मिस्त्रींनी भगवंताकडे असं पाहिलं, जसं निवडून आलेला सरपंच पडलेल्याकडे पाहतो.

आणि तेवढ्यात सरूबाईनं काठी आपटली.

“बंद कर ते!”

गाणं थांबलं. बाया ओटी भरता भरता थांबल्या.

“ही मी न्हाई,” सरूबाई बसक्या आवाजात म्हणाली.

“अगं आई, तूच हायेस,” गोरख म्हणाला.

“मला माझा आवाज कळत न्हाय व्हय रं? पाऊन जन्म त्याच्यासंगं काढला! ही अंबी हाय. अंबी!”

मांडवात असा सन्नाटा झाला की खरोखरच एखादा बगळा ओरडला असता तर ऐकू आला असता.

अंबी म्हणजे अंबाबाई. चार घरं सोडून राहणारी. आवणीच्या गाण्यात वरचा सूर कुणी लावायचा यावरून दोघींचं चाळीस वर्षांमागं जे बिनसलं होतं ते अजून तसंच होतं. आज गावजेवण असूनही तिला बोलावणं गेलेलं नव्हतं.

“मावशी,” मिस्त्री घाबरून म्हणाले, “बटण दाबायच्या आधी तर तुमचाच व्हता ना?”

“आधी मी ऐकलंच कुटं! ह्या बाया पाया पडत व्हत्या.”

झालं! लोकांनी आपापला हिशोब मांडला. आधी सरूबाई होती. मग मिस्त्रींनी बटण दाबलं. मग अंबाबाई झाली!

“मिस्त्री,” दादाभाऊ उठून उभे राहिले, “तुमीच म्हनाला, डबा मधले ठिपके भरतो. कशानं भरतो?”

“अंदाजानं… म्हणजे हिशोबानं…”

“घ्या! अंदाजानं अंबाबाई भरली!”

“सरळ दीड लाख ठिपके अंबाबाईचे घातले की!”

“आमच्या लग्नाची सीडी ह्यांच्याकडं नेऊ नगा रं, नवरी बदलून यायची!”

गोरखचं तोंड उतरलं. “मिस्त्री, आमच्या आईची एकच सीडी व्हती वो. तिचा आवाज आता परत येतोय का? आधीचा तरी काढून द्या त्यातनं!”

मिस्त्रींनी भगवंताचं कोपर धरलं. “भगवंता, तू सांग ना यांना! तू सायन्सचा माणूस. सांग की डब्यानं आवाज बदलत न्हाई!”

भगवंतानं शांतपणे चष्मा काढला. “म्हणजे डब्यानं काहीच फरक पडत नाही, असं सांगू?”

मिस्त्री कात्रीत सापडले. होय म्हणावं तर आठ दिवसांची फुशारकी मातीत, नाही म्हणावं तर सरूबाईचा आवाज पळवल्याचा गुन्हा डोक्यावर!

“थोडा पडतो,” ते पुटपुटले.

“किती? अंबाबाई होण्याएवढा?”

“त्याच्या जरा अलीकडं!”

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गर्दी दुभंगली. हातात विळा घेऊन एक ठेंगणी, काटक म्हातारी आत आली. फणसाच्या स्पीकरांनी गाणं साऱ्या घाटघरात पोचवलं होतं, आणि परड्यात घेवडा तोडणाऱ्या अंबाबाईपर्यंतही.

“कोन गातंय माज्या आवाजात?” तिनं विचारलं.

मिस्त्री दोन पावलं मागे सरकले आणि भाभींच्या मागे जाऊन उभे राहिले.

“तूच गातीयेस,” सरूबाई म्हणाली. “माज्या सीडीत शिरून!”

“मी कशाला शिरू तुज्या सीडीत? माजी माज्यापाशी हाय!”

“तुझ्याकडं पण सीडी आहे, मावशी?” भगवंत पुढे झाला. “वीस वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली? कुठंय?”

“परड्यात.”

“परड्यात?”

“वाजवायची कशावर? गेल्या साली घेवड्याच्या मांडवावर टांगली. चमकती. माकडं भित्यात.”

भगवंत स्वतः पळत गेला आणि सुतळीला बांधलेली सीडी घेऊन आला. वरची अक्षरं उन्हानं विटली होती, पण ‘अंबाबाई’ एवढं वाचता येत होतं. पुण्याच्या मंडळींनी सीड्यांवर लिहिताना दोघींची नावं उलटसुलट टाकली होती. वीस वर्षं सरूबाईच्या ट्रंकेत अंबाबाई गात होती आणि वर्षभर अंबाबाईच्या घेवड्यावर सरूबाई माकडं हाकत होती!

डबा निर्दोष सुटला. पण मिस्त्रींना आनंद करायला फुरसत मिळाली नाही. ती सीडी त्यांनी उन्हात तिरकी धरून पाहिली. खालच्या बाजूला ओरखड्यांचं जाळं. एक वर्ष वारा, पाऊस, सुतळी आणि घेवडा.

त्यांनी ती प्लेअरमध्ये घातली. टक. टक. टक. टक.

“डब्याला लावा की,” दादाभाऊ म्हणाले. “भरंल ठिपके.”

मिस्त्रींनी डब्याकडे पाहिलं. मग मान हलवली. “न्हाई भाऊ. जे वाचताच येत न्हाई, ते डबा कुठनं आणील?”

भगवंतानं हे ऐकलं, पण या वेळी चष्मा पुसला नाही.

सरूबाई त्या चकतीकडे नुसती बघत राहिली. ते बघणं मिस्त्रींना सोसेना.

“गोरखभाऊ, टूथपेस्ट हाय का घरात? पांढरी! जेलवाली नको. न् एक जुनं सुती धोतर.”

आता मांडवात बसला होता तो खरा अजीज मिस्त्री! मांडीवर धोतराचा तुकडा, त्यावर सीडी. बोटाच्या टोकावर पेस्ट घेऊन ते आतून बाहेर, आतून बाहेर, सरळ रेषेत घासत राहिले. गोल फिरवायचं नाही, जोर करायचा नाही. भाभी पाणी ओतत होत्या, गोरख फडकं बदलून देत होता, अंबाबाई विळा बाजूला ठेवून डोक्यावर उभी होती. तिकडे जेवणाचा भात निवत होता, पण कुणी पानावर बसायला तयार नाही. अर्धा तास झाला. मिस्त्रींच्या बोटांना पुदिन्याचा वास सुटला आणि पाठीला रग लागली.

सीडी पुन्हा आत गेली. टक. टक… आणि सूर उठला.

‘चिखल झाला लोण्यावानी गं, रोप माज्या हाती…’

उंच, धारदार, जराही न थरथरणारा आवाज. सांगायची गरज नव्हती. दादाभाऊंनासुद्धा कळलं. सरूबाईनं पदर तोंडाला लावला. पंचावन्न वर्षांची सरूबाई गात होती आणि पंच्याहत्तर वर्षांची ऐकत होती. पाऊण मिनिटानं गाणं अडखळलं, त्याच जागी घुटमळलं आणि थांबलं. तेवढंच वाचलं होतं. मिस्त्रींनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा.

तिसऱ्यांदा संपल्यावर अंबाबाई म्हणाली, “वरचा सूर हिलाच लावू द्यायला पायजे व्हता.” चाळीस वर्षांनी! आणि ती सरूबाईच्या शेजारी, खाली सतरंजीवर बसली.

इथंच सगळं गोड व्हायचं. पण मिस्त्रींचा स्वभाव! डोळे पुसून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की या गडबडीत डबा जोडलेलाच नाही.

“आता डब्यातून ऐका! आता तर मावशी खरंच मावशी हायेत. आता फरक कळंल!”

त्यांनी डबा जोडला, बटण दाबलं, आणि लोक पुन्हा ‘अहाहा’ म्हणाले. भगवंतानं मात्र खिशातून मोबाइल काढला, त्यातलं आवाज मोजायचं ॲप लावून स्पीकरपुढे धरला आणि आकडे बघून म्हणाला, “अजीज, डबा लावला की आवाज थोडा मोठा होतोय. मोठा आवाज माणसाला चांगला वाटतो, एवढंच आहे ते. दोन्ही सारखे करतो. मग तू ओळखून दाखव.”

“दहापैकी धा ओळखतो!”

भाभींनी स्वतःच्या ओढणीनं नवऱ्याचे डोळे बांधले, आणि जरा जास्तच घट्ट बांधले. भगवंतानं आवाज जुळवला. गाव भोवती गोळा झालं.

“एक,” भगवंत म्हणाला.

“डबा!”

डबा नव्हता. लोकांनी तोंडं दाबली.

“दोन.”

“साधा. पार साधा! मेलेला आवाज!”

निळा दिवा झळकत होता.

तीन बरोबर आलं, चार चुकलं, पाच चुकलं. सहाव्याला त्यांनी इतका वेळ घेतला की गाणं संपलं आणि तेही चुकलं. सातवं बरोबर, आठवं चुकलं. प्रत्येक वेळी मांडवात हशा, आणि मिस्त्रींना मात्र वाटत होतं की लोक खुशीनं दाद देताहेत! त्यांची मान आणखी ताठ झाली.

नवव्या वेळी सीडी सुरूच झाली नाही. टक. टक. पेस्टची कमाई संपली होती. भगवंतानं ती हळूच बाहेर काढली आणि काय करावं म्हणून इकडे तिकडे पाहिलं.

सतरंजीवरून अंबाबाईनं अर्धवट राहिलेली ओळ उचलली. अगदी हलक्यानं. सरूबाईनं तिच्याकडे पाहिलं. एकदा खोकली. आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिनं गायला तोंड उघडलं. आवाज फाटका होता, दम मध्येच तुटत होता, पण तो तुटला की अंबाबाई खालून उचलून धरत होती. मांडवातलं हसू विरलं. बसलेल्या चार-सहा म्हाताऱ्या बाया मागून साथ देऊ लागल्या.

आणि ओढणीआडून मिस्त्री ताडकन उठले!

“हा! हाच! हा बघा डबा! भगवंता, ऐक लेका! ह्याला म्हणतात आवाज! केवढी हवा खेळतीये! बाया कुठं कुठं बसल्यात ते कळतंय! एक इथं, एक तिथं! सरूमावशींचा तर श्वास ऐकू येतोय, श्वास! आता बोल! अजून म्हण की फरक पडत न्हाई!”

मग भाभींनी पुढे होऊन नवऱ्याच्या डोळ्यांवरची ओढणी सोडली.

मिस्त्रींनी प्लेअरकडे पाहिलं. तो उघडा. सीडीकडे पाहिलं. ती भगवंताच्या बोटांत. डब्याकडे पाहिलं. दिवा बंद. मग त्यांनी सतरंजीकडे पाहिलं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून गात होत्या.

पुढं काय हसं झालं ते सांगण्यात अर्थ नाही. मिस्त्री दोन पंगती बसेपर्यंत स्पीकरच्या मागे वायरी गुंडाळत होते, आणि वायरी तर दोनच होत्या.

परतीच्या वाटेवर आपटाळं येईपर्यंत ते चकार शब्द बोलले नाहीत. भगवंतही मोठ्या मनानं गप्प होता. मग टेम्पो एका चढाला लागला तसे मिस्त्री खाकरले.

“भगवंता, खरं सांगू? आवाज जरा जास्तच चांगला येत व्हता. मला तवाच शंका आलती.”